माळ गळ्यात, नेम घड्याळात

बाळा, यंदा आषाढीला पंढरपुरात माळ घालायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून बरं वाटलं. माळ घालायला वेळ लागत नाही. फडावरचे महाराज तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, नियम सांगतात, तू मान डोलावतोस आणि माळ गळ्यात येते. नियमही तू लहानपणापासून ऐकतोस. दारू नाही, मांस-मच्छी नाही, परस्त्री आईसमान, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा आणि वर्षातून एक तरी वारी चुकवायची नाही. ते पाळायचे कसे, हे सांगायला मात्र त्या गर्दीत कुणाला सवड नसते. परतीच्या एसटीत बसलास की तू आणि तुझी माळ, दोघंच. म्हणून आमच्या दिंडीतल्या जुन्या विणेकऱ्यांनी वाटेने चालता चालता जे माझ्या कानात घातलं, ते आता तुझ्या कानात घालतो. थोडी माझी भर आहे, ती तुला ओळखू येईल.

सोडण्याआधी धर

काय काय सोडायचं याची यादी करत बसू नकोस. दारू सोडली, मटण सोडलं, कट्टा सोडला, असं घोकणाऱ्याच्या डोक्यात दिवसभर दारू, मटण आणि कट्टाच असतो. रोज किती वाजता काय करायचं, ते आधी ठरव.

वारीत बघ. आळंदीहून निघालेला माणूस अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतो, ऊन-पाऊस अंगावर घेतो, तंबूत झोपतो. घरी ज्याला रोज संध्याकाळी बाटली लागायची, तोही तेवढे दिवस निभावून नेतो. त्याच्यावर कुणी पहारा ठेवलेला नसतो. पहाटे काकडा, मग चाल, चालताना भजन, दुपारी विसावा, पुन्हा चाल, मुक्कामी समाजआरती, रात्री कीर्तन, त्यावर जागर. दिवसाला कुठे फटच नसते. तोच माणूस गोपाळकाला करून घरी येतो आणि आठवड्याच्या आत पूर्वीच्या जागी जाऊन बसतो. देव पंढरपुरात राहिला आणि तो गावात आला, असं काही झालेलं नसतं. घरी आल्यावर संध्याकाळी सात वाजता काय करायचं, हे त्याने ठरवलेलं नसतं, एवढंच. नांगरून मोकळं सोडलेल्या रानात पहिलं तणच उगवतं.

हरिपाठाची वेळ दिवेलागणीची. पिणाऱ्याची वेळही तीच. काम सुटलेलं, अंग दुखतंय, खिशात थोडे पैसे आहेत, घरी जाऊन लगेच झोपायचं नाही. माउलींचा हरिपाठ सत्तावीस अभंगांचा. सावकाश म्हटला तरी अर्ध्या-पाऊण तासात होतो. तो त्याच वेळेला म्हण. सकाळी उरकून टाकला तर पाठ होईल, पण संध्याकाळ मोकळी राहील आणि तुझं नुकसान संध्याकाळीच होतं.

तू चाकणच्या एमआयडीसीत, पाळ्या बदलतात, हे मला माहीत आहे. मग पाळी सुटल्यावरचा पहिला तास हरिपाठाचा, मग तो पहाटेचा असो की रात्रीचा. एकट्याने म्हणू नकोस. खोलीवर कुणी नसेल तर जवळच्या देवळातलं भजनी मंडळ शोध. प्रत्येक वस्तीत एक असतं आणि त्यांना टाळकरी नेहमी कमी पडतात. चाकणहून आळंदी जवळ आहे. वद्य एकादशीला माउलीच्या समाधीला जायचा नेम तुला सहज जमेल. शुद्ध एकादशी पंढरीला आणि वद्य एकादशी आळंदीला करणारे लोक आहेत. त्यांच्यात चार ओळखी काढ. जुने मित्र तुटले की नवे कुठून आणायचे, हा प्रश्न त्याने सुटतो.

हात रिकामा ठेवू नकोस

तंबाखूचं सांगतो, कारण महाराज बहुधा सांगणार नाहीत. माळेच्या नियमांत दारू आणि मांस ठळक आलं, तंबाखू निसटली. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का आणि गालात बार, असे आपले कितीतरी लोक आहेत. बायकांची मिसरी त्यातलीच. देवाचं नाव घ्यायचं ते तोंड आहे, एवढं तरी आपण लक्षात ठेवू या.

तलफ आधी हाताला येते, मग तोंडाला. चुन्याची डबी खिशात असेल तर हात आपसूक तिकडे जातो आणि मळायला लागल्यावर तुझ्या ध्यानात येतं. म्हणून पहिल्या दिवशी डबी, पुडी, सगळं घरातून बाहेर. खिशात बडीशेप, लवंग, ओवा ठेव. ज्या टपरीवर उधारी आहे, तिची उधारी फेड आणि तो रस्ता काही महिने सोड. उधारी ठेवून रस्ता बदलशील तर टपरीवाला तुला हाक मारून बोलवील, आणि त्याचं चुकलं असं म्हणता यायचं नाही.

भजनात उभा राहिलास की टाळ घे. टाळाला दोन्ही हात लागतात. मळायला हात उरत नाही आणि तोंडाला अभंग असतो. आमच्या दिंडीत नवा माणूस आला की त्याच्या हातात पहिल्या दिवशीच टाळ देतात. ताल नंतर येतो.

वर्षाचे घातवार ओळखून ठेव

माळ तुटते ती रोजच्या दिवशी नाही. ठरलेल्या दिवशी तुटते, आणि ते दिवस पंचांगात आधी दिसतात.

पहिला दिवस गटारी. आषाढी एकादशीनंतर तीन आठवडे व्हायच्या आत आषाढाची अमावास्या येते. घरच्यांसाठी ती दिव्यांची, मित्रांसाठी गटारी. तुझी माळ तेव्हा कोरी असेल आणि थट्टा करणारे जुने असतील. "एक दिवस काढून ठेव, श्रावणात घाल," असं कुणीतरी म्हणणार. त्या संध्याकाळी खोलीवर थांबू नकोस. आळंदीला जा, गावी ये, कुठेही जा, पण जायचं कुठे ते आठ दिवस आधी ठरव.

मग हळदीचं मटण, गावची यात्रा, धुळवड, निवडणुकीतला ढाबा आणि कंपनीतल्या कुणाच्या तरी बढतीची पार्टी. प्रत्येक ठिकाणी जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. भावकीतल्या हळदीला गेला नाहीस तर माणसं तुटतील. जा, लवकर जा, हळद लाव, आहेर दे, वाढपाला उभा राहा. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. जेवण घरून करून जा. आग्रह झाला तर "माळ आहे" एवढे दोनच शब्द बोल आणि गप्प बस. कारणं द्यायला लागलास, डॉक्टर, पित्त, उपास असं काही सांगायला लागलास, की समोरचा एकेका कारणावर उपाय काढतो. माळेवर त्याच्याकडे उपाय नसतो.

ढाब्यावर मात्र जाऊ नकोस. तिथे दुसरं काही कामच नसतं.

शरीराचं दुखणं डॉक्टरांकडे ने

तुझ्याबरोबर तुझा तो मित्रही माळ घालतो म्हणतोय, त्याचं मला जास्त सांगायचं आहे. तो रोज पितो, बऱ्याच वर्षांपासून पितो. अशा माणसाने एका दिवसात बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, नसलेलं दिसायला लागतं, काहींना फिट येते. जीवसुद्धा जाऊ शकतो. घरचे म्हणतात अंगात आलं, नाहीतर माळ सोसली नाही. तसं काही नसतं. अंगाला दारूची सवय लागलेली असते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावी लागते. वारीच्या वाटेवर हे झालं तर फार हाल होतात. म्हणून त्याला आषाढीच्या बरंच आधी दवाखान्यात ने. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला हात दिला. तिथे राहून उपचार घेतलेला माणूस माळकरी म्हणून कमी ठरत नाही. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं त्याला कुणी सांगितलं तर माझ्याकडे पाठव.

फोनलाही नेम लाव

आमच्या वेळी पत्त्यांचा डाव देवळामागे बसायचा. आता तो खिशात बसतो. २०२५ साली केंद्राने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण कायद्याने दार लावलं तरी लागलेला हात फट शोधतो. रमी असो की क्रिकेटवरचा सट्टा, त्याची खूण एकच. हरलेला माणूस उठत नाही, कारण त्याला गेलेलं परत आणायचं असतं. गेलं ते गेलं म्हणणं, हीच त्यातून सुटायची पायरी. किती गेले याचा आकडा कागदावर लिही, बायकोला दाखव आणि पगाराचं खातं काही महिने तिच्या हाती दे. लाज वाटेल. वाटू दे. आकडा लपला की तो वाढतो.

उशाशी फोन घेऊन झोपू नकोस. काकड्याला उठायचं असेल तर साधं गजराचं घड्याळ आण. फोनच्या गजराने उठलेला माणूस आधी फोन बघतो आणि काकडा राहून जातो.

बांधावरचा राग

दारू सुटलेली माणसं मी खूप पाहिली. बांध सुटलेली फार थोडी. दोन सख्खे भाऊ, दोघांच्या गळ्यात माळ, दोघं एकाच दिंडीत, आणि फूटभर बांधासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही. पण सकाळी उठल्यावर देवाआधी ज्याची आठवण येते, ते व्यसनच. मग तो भाऊ का असेना.

तुकोबांचं उदाहरण दर कीर्तनात येतं, म्हणून आपण ते नीट ऐकत नाही. देहूच्या त्या घरात सावकारी होती. १६३० च्या दुष्काळात घर बुडालं, माणसं गेली. लोकांकडून यायच्या पैशाची खतपत्रं मात्र घरात होती. परंपरा सांगते की तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. यात दोन गोष्टी आहेत. त्यांनी हक्काचं सोडलं, फालतू नाही. आणि भावाच्या हक्काचं सोडलं नाही, फक्त स्वतःचं सोडलं. दुसऱ्याच्या पैशावर वैराग्य दाखवणारे पुष्कळ असतात.

तुला जमिनीवर पाणी सोड असं मी सांगत नाही. पोराबाळांचा हक्क मोजून घे, मोजणी सरकारी कर, जी हद्द येईल ती मान्य कर आणि विषय संपव. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान-मोठं बघत नाही. पंढरीहून परतलास की त्या पायांत चुलत्याचेही पाय धर. प्रसादाचे चुरमुरे-बत्तासे घेऊन पहिलं त्याच घरी जा. दोन-तीन दिवस गेले तर पाय उचलणार नाही, म्हणून आल्या दिवशीच जा.

तुझा नेम घरावर लादू नकोस

माळ तू घातलीस, घराने नाही. घरात मटण शिजत असेल तर भांडू नकोस. आपला तवा, आपलं पातेलं वेगळं ठेव आणि ते स्वतः घास. माळकरी झालेला माणूस बायकोकडून दोन स्वयंपाक करून घेतो आणि भक्तीचं श्रेय आपण घेतो, हे बरं नाही.

एकादशीचंही तेच. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्यावरच पडली आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर वेफर्स. त्या दिवशी घरातल्या बाईला रोजच्यापेक्षा जास्त राबावं लागत असेल, तर उपास तिलाच घडतो. दोन केळी, थोडं दूध, एवढ्यावर दिवस काढ. आईला साखरेच्या गोळ्या चालू आहेत. तुझ्या उत्साहात तिला निर्जळी करायला लावू नकोस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिचं जेवण चुकवायचं नाही.

आषाढीला सुट्टी मिळाली नाही तर आजारी असल्याचा खोटा दाखला देऊन वारीला जाऊ नकोस. खोटं बोलायचं नाही, हाही नियम त्याच माळेचा. आषाढी चुकली तर कार्तिकी आहे, माघी आहे, चैत्री आहे. अरणचे सावता माळी मळ्यातलं काम टाकून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला, असं आपण मानतो. कामावर असलास तर काम चोख कर आणि संध्याकाळचा हरिपाठ चुकवू नकोस.

माळेचा माज

दोन-तीन वर्षं नेम नीट चालला की एक नवी ओढ लागते, आणि ती जुन्यांपेक्षा चिवट असते. आपण शुद्ध आणि बाकीचे बाटलेले, असं वाटायला लागतं. पंगतीत शेजारी कोण बसलंय हे माणूस बघतो. दिंडीत वीणा कुणाकडे, पुढे कोण, मागे कोण, यावरून रुसतो.

पंढरपुरात गेलास की नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे, तिथे जरा जास्त वेळ थांब. ज्यांचे अभंग आपण टाळ वाजवून म्हणतो, त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. पुढे मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं. इतकी शतकं गळ्यात माळ असलेली माणसंच दारात उभी होती. म्हणजे दारू-मटण सोडूनही सोडायचं खूप उरतं. कुणाच्या हातचं पाणी प्यायला तू कचरत असशील, तर हरिपाठाचा पहिला अभंगही अजून तुझ्या गळ्याखाली उतरलेला नाही.

गाडगेबाबांचं बघ. कीर्तनात ते लोकांना विचारायचे, दारू पिता का, देवाला कोंबडं-बकरं कापता का, सणासाठी कर्ज काढता का, पोराला शाळेत घालता का. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. स्वतःजवळ गाडगं आणि खराटा. चांगलं काम हातून झालं की ते आपलं वाटू लागतं. ते दुसऱ्याच्या हाती देता आलं पाहिजे.

माळ तुटली, नेम तुटला

माळेचा दोरा कधीतरी तुटतोच. आपल्यात दुसरी माळ घालेपर्यंत अन्नपाणी घेत नाहीत. म्हणून एक जादा माळ नेहमी पिशवीत ठेव, प्रवासात तर हमखास.

नेम तुटला तर तेवढ्याच चटकन सावर. चूक झाली की माणूस म्हणतो, आता माळ बाटली, खुंटीला टांगू, पुढच्या आषाढीला बघू. त्या एका संध्याकाळपेक्षा ही पुढची आषाढी जास्त घात करते, कारण तोवर सगळं मोकळं. तसं करू नकोस. दुसऱ्या दिवशीच्या हरिपाठाला जा, आणि ज्येष्ठ माणसांपैकी एकाला, फक्त एकालाच, काय झालं ते सांग.

माउलींच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी येतात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग आरती. तक्रार मनात दाबून कुणी तंबूत जाऊन झोपत नाही. तूही त्याच दिवशी बोल. तलफ आली तर बोल, राग आला तर बोल, रात्री बारा वाजता फोन कर. माझी झोप तशीही पातळ झाली आहे.

आणि एक शेवटचं. काही वर्षांनी तुझ्याकडे एखादा पोरगा येईल आणि म्हणेल, दादा, मला माळ घालायची आहे. त्याने काय पाप केलं ते विचारू नकोस, कुठल्या घरचा तेही विचारू नकोस. संध्याकाळी सात वाजता तू कुठे असतोस, एवढं विचार. त्याने जे ठिकाण सांगितलं, तिथे दुसऱ्या दिवशी पावणेसातला स्वतः जा आणि त्याला हरिपाठाला घेऊन ये.

रामकृष्णहरी.